स्नायूंचा लगाम शोधणारा शास्त्रज्ञ

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरवाटांवर अनवाणी पायात काटा रुतला, की वेदना जाणवण्यापूर्वीच पाय वर उचलला जातो आणि दुसरा पाय ताठ होऊन तोल सावरतो. ही आज्ञा मेंदूची नसते, तर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची असते. या प्रतिक्षिप्त क्रियांचे गूढ उकलण्यासाठी सर चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हयात वेचली.

२७ नोव्हेंबर १८५७ रोजी लंडनमध्ये जन्मलेले शेरिंग्टन केंब्रिजमध्ये शिकले. १८९५ पासून लिव्हरपूल आणि १९१३ पासून ऑक्सफर्ड येथे ते प्राध्यापक होते. एक स्नायू आकुंचन पावत असताना त्याच्या विरुद्ध ओढणाऱ्या स्नायूला मज्जारज्जू सैल सोडतो, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. हा लगाम नसता तर स्नायू परस्परांशीच झुंजत राहिले असते.

धनुर्वाताचे विष नेमका हाच लगाम तोडते, हे त्यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. साध्या काट्याच्या जखमेतून शिरणारा हा रोग देह धनुष्यासारखा का वाकवतो, याचा उलगडा त्यातून होऊ लागला. ताणलेला स्नायू आपोआप आकुंचन पावून शरीर कसे सावरतो, हे त्यांनी १९२४ मध्ये सहकारी लिडेल यांच्यासह मांडले.

१९३२ मध्ये एड्रियन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ४ मार्च १९५२ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी ते निवर्तले. काट्यावरून पाय मागे घेण्याचे काम मज्जारज्जू चोख बजावतो; धनुर्वातापासून मात्र वेळेवर घेतलेली लसच वाचवते.