शेठ प्रेमचंद रायचंद : दिले तेच उरले

संपत्ती लाभणे हा पूर्वपुण्याचा भाग मानला, तरी लाभलेल्या संपत्तीचे काय करावे हा प्रत्येक भाग्यवंताच्या स्वतःच्या पुरुषार्थाचा प्रश्न असतो. जैन परंपरेने गृहस्थाला धनार्जनाची मनाई केलेली नाही. मात्र परिग्रहाला मर्यादा असावी आणि त्या मर्यादेपलीकडील धन गरजवंतांच्या उपयोगी पडावे, असा श्रावकधर्म सांगितला आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने त्यासाठीच आहेत. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत या श्रावकधर्माचे एक तेजस्वी उदाहरण घडले. ते जितके गौरवाचे आहे तितकेच सावध करणारेही आहे. ते म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद यांचे जीवन.

बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथून नोकरी-व्यवसायासाठी रोज मुंबईस जाणाऱ्या अनेक बांधवांनी फोर्ट परिसरातील राजाबाई टॉवर पाहिलेला असतो. परंतु ज्या राजाबाईंच्या नावाने तो मनोरा उभा आहे त्या एका जैन श्राविका होत्या आणि त्यांच्या पुत्राने तो उभारण्यासाठी धन दिले, हे सर्वांनाच ठाऊक असते असे नाही.

सुरतेहून मुंबईस

प्रेमचंदजींचा जन्म १८३० नंतरच्या एक-दोन वर्षांत सुरत येथे झाला. त्यांचे वडील रायचंद दीपचंद हे व्यापारी होते. सुरत बंदराचे वैभव मावळून मुंबईचे वाढत होते. अनेक गुजराती कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही मुंबईस येऊन स्थायिक झाले. प्रेमचंदजींचे शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत झाले व तेथे त्यांनी इंग्रजी आत्मसात केले. त्या काळी दलालीच्या धंद्यातील बहुतेक मंडळींना इंग्रजी येत नसे. रतनचंद लाला नावाच्या प्रतिष्ठित दलालांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी सुरू केली. इंग्रजी लिहिता-बोलता येणारे पहिले हिंदी शेअर-दलाल म्हणून त्यांची नोंद इतिहासात आहे. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. मोठमोठे व्यवहार कागद-लेखणीवाचून ते केवळ स्मरणाने सांभाळीत, अशी त्यांची ख्याती होती. पिढीजात श्रीमंती पाठीशी नसताना, बुद्धी, परिश्रम आणि शब्दाची पत या बळावर वयाच्या तिशीतच ते मुंबईच्या अग्रगण्य धनिकांमध्ये गणले जाऊ लागले.

कापसाचे सोने

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांतून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईतील कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. नेहमीच्या किमतीखेरीज सुमारे आठ कोटी दहा लक्ष पौंड एवढे जादा धन पाच वर्षांत मुंबईत आले, असा त्या काळचा अंदाज आहे.

या भरभराटीचा मार्ग आपल्या परिसरातूनही जात होता. १८५६ साली कल्याणहून बदलापूरमार्गे घाटाच्या पायथ्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला होता आणि १८६३ साली बोरघाटाचा अवघड चढ रेल्वेने पार केला. त्यानंतर सोलापूर-पुण्याकडील माल घाट उतरून बदलापूर व अंबरनाथच्या शिवारातून थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागला.

प्रेमचंदशेठ हे या काळाचे नायक ठरले. लोक त्यांना कापसाचा राजा म्हणू लागले. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन या पेढीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतचा समुद्र हटवून जमीन निर्माण करण्यासाठी निघालेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरांची किंमत भरलेल्या रकमेच्या अनेक पटींवर गेली. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत एकतीस बँका, सोळा वित्तसंस्था व आठ जमीन कंपन्या होत्या, असे नोंदले गेले आहे. प्रेमचंदशेठ ज्या कंपनीस हात लावतील ती तरलीच, असा लोकांचा विश्वास बसला होता.

वैभवाच्या शिखरावरील दान

याच काळात, म्हणजे संपत्तीचा ओघ पूर्ण वेगात असतानाच, प्रेमचंदशेठ यांनी दानाचा हात मोकळा केला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले होते. परंतु त्याला स्वतःची वास्तू नव्हती. १८६४ च्या ऑगस्ट महिन्यात प्रेमचंदशेठ यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. लगेच ऑक्टोबर महिन्यात, त्या ग्रंथालयाला जोडून मोठे घड्याळ व मधुर घंटा असलेला मनोरा उभारावा व त्यास आपल्या मातुःश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, या हेतूने आणखी दोन लाख रुपये दिले. चार लाख रुपये ही त्या काळी डोळे दिपविणारी रक्कम होती.

कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले. कलकत्त्याशी त्यांचा ना जन्माचा संबंध होता, ना ज्ञातीचा. त्या रकमेच्या व्याजातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली व ती बंगालमधील विद्वत्तेची सर्वोच्च कसोटी मानली गेली. पुढे कलकत्ता विद्यापीठाचे थोर कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. शिवछत्रपतींचे इंग्रजी चरित्र लिहिणारे इतिहासकार यदुनाथ सरकार यांनाही ती १८९७ साली मिळाली. एका जैन व्यापाऱ्याच्या दानाचा लाभ असा फिरून महाराष्ट्राच्या इतिहासालाही झाला.

अहमदाबाद येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे महाविद्यालय, सुरतेत कन्याशाळा, भडोचला वडिलांच्या नावाचे ग्रंथालय, ठिकठिकाणच्या धर्मशाळा अशी त्यांच्या दानाची व्याप्ती होती. मुलींना शाळेत पाठविणे समाजाला रुचत नव्हते अशा काळात त्यांनी कन्याशिक्षणास द्रव्य दिले, हे विशेष होय. त्यांच्या या सर्व दानांमध्ये ज्ञानदानाला अग्रस्थान होते, आणि ते ज्ञान जात, पंथ, प्रांत न पाहता सर्वांसाठी खुले होते.

१८६५ चे वादळ

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. शेअरांचे वायदे ज्या दिवशी पुरे करायचे होते तो १ जुलै १८६५ हा दिवस मुंबईच्या व्यापारी इतिहासातील काळा दिवस ठरला. कोणीच कोणाचे देणे फेडू शकेना. भरभराटीत २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना विकण्याची वेळ आली. श्रीमंतांबरोबर हजारो मध्यमवर्गीय कुटुंबेही देशोधडीला लागली. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या गणनेत ती ६,४४,४०५ एवढीच भरली. पावणेदोन लाखांच्या या घटीमागे ओसरलेली तेजी हे मोठे कारण होते.

प्रेमचंदशेठही या वादळातून सुटले नाहीत. त्यांचे वैभव लयास गेले व मालमत्ता धनकोंच्या हाती सोपवावी लागली. याहूनही दुःखद गोष्ट म्हणजे बँक ऑफ बॉम्बे बुडाली. सरकारचाही भाग असलेल्या या प्रतिष्ठित बँकेवर लोकांचा पूर्ण भरवसा होता. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने तिच्या अधःपाताची चौकशी केली. अपुऱ्या तारणावर दिलेली भरमसाट कर्जे आणि बँकेच्या कारभारावरील प्रेमचंदशेठ यांचा अतिरेकी प्रभाव ही या पतनाची प्रमुख कारणे असल्याचे तिच्या चौकशीतून स्पष्ट झाले.

गौरवग्रंथांतून ही बाजू बहुधा वगळली जाते. परंतु ती झाकल्याने प्रेमचंदशेठ मोठे होत नाहीत आणि सांगितल्याने लहानही होत नाहीत. त्यांच्या दानाने हजारो विद्यार्थ्यांचे कल्याण झाले हे जितके खरे, तितकेच त्यांच्या सट्ट्याच्या साहसात इतरांचीही पुंजी गुंतली होती व ती बुडाली हेही खरे. भाग्यवंताचे उत्तरदायित्व दान देताना सुरू होत नाही. ते धन मिळविताना आणि धोका पत्करताना सुरू होते. ज्या सामान्य माणसाने भरवशावर आपली शिल्लक गुंतविली, त्याला निर्भय ठेवणे हेही एक प्रकारचे अभयदानच आहे. हा धडा मुंबईने त्या वर्षी फार मोठी किंमत देऊन घेतला.

वादळानंतर उभा राहिलेला मनोरा

विद्यापीठाला दिलेले धन मात्र या प्रलयातून वाचले. दात्याच्या हाती उरलेले सर्व वाहून गेले. विद्येसाठी दिलेले विद्येचेच राहिले. इंग्लंडचे विख्यात वास्तुरचनाकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडे तयार केले. ते स्वतः हिंदुस्थानात कधीच आले नाहीत; आराखडेच समुद्रमार्गे आले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. तो त्या वेळी मुंबईतील सर्वांत उंच वास्तू होता.

राजाबाई या नेत्रहीन होत्या व सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम कटाक्षाने पाळीत. मनोऱ्यावरील घंटांच्या नादावरून त्यांना सायंकाळची वेळ कळे व कोणाच्या मदतीवाचून त्यांचा चौविहार सांभाळला जाई, असे परंपरेने सांगितले जाते. ती आख्यायिका असली तरी तिच्यातील भाव हृद्य आहे. मातेच्या नियमपालनासाठी वाजणारी घंटा अवघ्या नगराला वेळ सांगू लागली.

वैभव गेल्यावरही प्रेमचंदशेठ खचून गेले नाहीत. त्यांनी पुन्हा दलालीच्या व्यवसायात पाय रोवले. १८७५ साली मुंबईतील देशी शेअर-दलालांची संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांमध्ये प्रेमचंदशेठ यांचे नाव आदराने घेतले जाते. हीच संघटना पुढे मुंबई शेअर बाजार या नावाने जगप्रसिद्ध झाली. ज्या व्यवसायात अनिर्बंध सट्ट्याने एवढा अनर्थ घडविला, त्या व्यवसायाला संघटित रूप देण्याच्या कामी ते उभे राहिले, ही त्यांच्या उत्तरायुष्यातील मोठीच कामगिरी होय. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी दिलेल्या ग्रंथालयाने दीडशे वर्षांच्या काळात किती विद्यार्थ्यांना आसरा दिला याची मोजदाद अशक्य आहे. २०१५ साली या वास्तूचे जीर्णोद्धाराचे काम पूर्ण झाले. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील ज्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ग्रंथालयासह या मनोऱ्याचाही समावेश आहे.

आपल्यासाठी बोध

वैभव क्षणभंगुर असते हे आपल्या परिसराला ग्रंथांतून शिकावे लागत नाही. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार, शेतीवाडी, दुकाने मागे टाकून सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. काल जे दाते होते ते रात्रीतून याचक झाले, आणि पुढे परिश्रमाने पुन्हा दाते झाले. २६ जुलै २००५ च्या महापुरात बदलापुरातील अनेक सुस्थित घरांनाही एका रात्रीत शेजाऱ्याच्या आधाराची गरज भासली. देणारा आणि घेणारा यांच्यामधील अंतर किती थोडे असते, हे या भूमीने वारंवार पाहिले आहे.

म्हणूनच प्रेमचंदशेठ यांच्या जीवनातून घेण्यासारख्या गोष्टी स्पष्ट आहेत. सर्व सोयी झाल्यावर, म्हातारपणी, उरलेल्यातून देऊ असे त्यांनी म्हटले नाही. हाती होते तेव्हाच दिले. त्यांनी आणखी एकच वर्ष थांबायचे ठरविले असते, तर देण्यासाठी काहीच उरले नसते. त्यांनी दिले ते केवळ स्वकीयांना नव्हे, तर ज्याला गरज आहे त्याला. आणि त्यांच्या अपयशाने शिकविले ते हे की, दुसऱ्याच्या पुंजीशी खेळून मिळविलेल्या लाभाची भरपाई कितीही मोठ्या दानाने होत नाही.

एखाद्या होतकरू विद्यार्थ्याची फी, एखाद्या रुग्णाचे औषध, एखाद्या विधवा भगिनीच्या घरचा महिन्याचा शिधा ही दाने लाखांची नसतात. पण ती वेळेवर द्यावी लागतात. समाजातील प्रत्येक सुस्थित कुटुंबाने आपल्या सामर्थ्यानुसार असा एक तरी भार आजच, हात देता असतानाच, उचलावा. सुवर्ण महोत्सवी वर्षात शेठ प्रेमचंद रायचंद व मातुःश्री राजाबाई यांच्या पुण्यस्मृतीस हेच उचित अभिवादन ठरेल.