बोस्टनची मंडळे आणि देवरुखची विद्यार्थिनी

वर्षाला एक डॉलर देण्याचे वचन आणि दहा वर्षांची मुदत. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा पाया या साध्या हिशेबावर घातला गेला. त्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी रत्नागिरी जिल्ह्यातील होती.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातील देवरुखच्या जोशी घराण्यातली गोदूबाई बालपणीच विवाहित झाली आणि अल्पावधीतच विधवा झाली. अशा मुलीपुढे त्या काळी स्वयंपाकघर आणि देवघर याखेरीज दुसरे जग नसे. मात्र, मुंबईत शिकणारे तिचे बंधू नरहरपंत यांनी तिला शिकविण्याचे मनावर घेतले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि गोदूबाईंचे नाव तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून नोंदले गेले. या सदनाचा खर्च अमेरिकेतील गावोगावच्या मंडळांनी उचलला होता. ज्या मुलींसाठी आपण पैसे देत आहोत त्यांना ही माणसे कधी भेटली नव्हती. कोकणातील विधवा आणि अमेरिकेतील हे देणगीदार यांना जोडणारा दुवा होता पंडिता रमाबाई.

वनवासातून विद्वत्तेकडे

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविल्यामुळे समाजाचा रोष ओढवून घेतला होता. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबातील आईवडील दुष्काळाच्या काळात गेले. उरलेली दोन भावंडे पायी फिरत १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा आंतरजातीय नोंदणी विवाह झाला. कन्या मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची असताना, १८८२ च्या आरंभी, पतीही कॉलऱ्याने गेले.

वैधव्य आलेल्या रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाबाबत साक्ष दिली. विधवांसाठी निवासी शाळा काढण्याचा त्यांचा मनोदय मात्र पैशाअभावी अडला. व्याख्यानाला गर्दी करणारे पुणे शाळेसाठी हात सैल सोडायला तयार नव्हते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर तर महाराष्ट्रातून मदत मिळण्याची आशा आणखीच मावळली.

डॉलरचे वचन

नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातील महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. मार्च १८८६ मधील त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांच्या प्रस्तावनेसह १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे उत्पन्न त्यांनी नियोजित शाळेसाठी राखून ठेवले.

मात्र एका पुस्तकावर शाळा चालत नाही, हे त्या जाणून होत्या. अमेरिकेतील स्त्रिया आपल्या संस्था कशा चालवितात, याकडे त्यांचे बारीक लक्ष होते. दारूबंदीसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस विलार्ड यांची महिला संघटना गावोगावच्या शाखांवर उभी होती आणि जगभर हातपाय पसरू लागली होती. बोस्टनचे धर्मोपदेशक आणि लेखक एडवर्ड एव्हरेट हेल यांच्या एका कथेवरून परस्परसाहाय्याचे छोटे क्लब ठिकठिकाणी निघाले होते. हीच रीत रमाबाईंच्या कामास उपयोगी पडली. १३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. हेल अध्यक्ष झाले आणि उपाध्यक्षांत विलार्ड होत्या.

मध्यवर्ती संस्था बोस्टनला, पण तिचे बळ होते 'रमाबाई सर्कल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक मंडळांत. एखाद्या गावातील काही मंडळी एकत्र येत, आपले पदाधिकारी निवडीत आणि प्रत्येक सभासद वर्षाला किमान एक डॉलर देण्याचे वचन देई. हे वचन दहा वर्षांचे होते. गोळा झालेली रक्कम बोस्टनला जाई, तेथून भारतात. शाळेचा अहवाल आणि हिशेब उलट दिशेने प्रवास करी. एका श्रीमंताच्या मोठ्या देणगीपेक्षा शेकडो जणांच्या छोट्या बांधिलकीवर ही रचना उभी होती. रमाबाईंनी या काळात अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथी घातली आणि जातील तेथे नवी मंडळे जोडली.

या मंडळांत निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते. तरीही त्यांनी एक अट मान्य केली होती. शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही आणि मुलींना आपापला आचार पाळण्याची मोकळीक राहील, अशी ती अट होती. ती नसती तर एकाही ब्राह्मण घराने आपली विधवा मुलगी तेथे धाडली नसती. पुढे सारा वाद पेटला तो याच अटीवरून.

उघडे दार

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदनाचे उद्घाटन काशीबाई कानिटकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास हलले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी वजनदार माणसे सल्लागार मंडळात असल्याने पालकांचा विश्वास बसला आणि मुलींची संख्या वाढली.

रमाबाई स्वतः रोज प्रार्थना करीत आणि तेव्हा खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. आपण कोणाला बोलावीत नाही आणि येणाऱ्याला अडवीतही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. अल्पवयीन मुली पालकांनी विश्वासाने सोपविल्या आहेत, त्यामुळे त्यांना प्रार्थनेस बसू देणे हाच करारभंग होय, असे सल्लागारांचे म्हणणे पडले. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने सदनावर कडक टीका केली. अखेर ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाशी संबंध तोडल्याचे बोस्टनला कळविले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आता निर्णय हजारो मैल दूर असलेल्या मंडळांच्या हाती होता. असोसिएशनच्या ज्युडिथ अँड्र्यूज पुण्यास येऊन परिस्थिती पाहून गेल्या आणि असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली. वर्गणी थांबली नाही. सदन वाचले, पण ज्या समाजातील मुलींसाठी ते उघडले होते त्याचा विश्वास मात्र परत आला नाही.

दुसरी वाट

याच वर्षी, सदनाच्या वर्धापनदिनाच्या तारखेला म्हणजे ११ मार्च १८९३ रोजी, गोदूबाईंचा पुनर्विवाह फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्वे हेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, दापोली तालुक्यातील मुरूडचे. या विवाहामुळे मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. सदनाचे बळ आणि त्याची अडचण या दोन्ही गोष्टी या दांपत्याने जवळून पाहिल्या होत्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो हिंदू समाजाच्या चौकटीत राहून आणि दारोदार फिरून जमविलेल्या लहानलहान वर्गण्यांवर. गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. आश्रमासाठी निधी जमवीत त्या गावोगाव हिंडल्या आणि १९१८ मध्ये थेट अमेरिकेत पोहोचल्या. तेथे घरकाम करून त्यांनी इंग्रजी शिकण्याची धडपड केली.

कर्व्यांच्या वाटेला समाजाचा पाठिंबा मिळाला, पण तिच्या आरंभीच्या मर्यादाही त्या समाजाच्याच होत्या. आश्रमात प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा होत्या. रमाबाईंचे दार मात्र याच सुमारास सर्व जातींना उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि दौंड तालुक्यातील केडगावी मुक्ती सदन उभारले. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, जुनी असोसिएशन विसर्जित होऊन तिच्या जागी अमेरिकन रमाबाई असोसिएशन आली. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तटस्थतेची जुनी अट तेथे उरली नव्हती आणि तिच्याविषयीचा संभ्रमही.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी बायबलचे मूळ भाषांतून मराठी भाषांतर पूर्ण केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही सुरू आहे.

दूरच्या माणसांनी दहा वर्षे शब्द पाळला, म्हणून सदन उभे राहिले. जवळच्या माणसांचा त्यात पैशाचा वाटा नव्हता, म्हणून मतभेद होताच त्यांना बाजूला होणे सोपे गेले. स्वयंसेवी संस्थांचा व्याप आज कितीतरी वाढला आहे. पैसा कोठून येतो आणि संस्था कोणाला उत्तर देते, हे दोन प्रश्न मात्र त्यांना चुकलेले नाहीत. देवरुखच्या गोदूबाईंचे आयुष्य या दोन्ही प्रयोगांतून गेले आणि दोन्हींनी तिच्यासारख्या असंख्य मुलींना स्वतःच्या पायावर उभे केले.