जॉन एड्रियन चेमियर

सर जॉन एड्रियन चेमियर (इ.स. १८८३ – इ.स. १९७४) हे ब्रिटिश हवाई दलातील एअर कमोडोर होते. एअर कॅडेट चळवळीचे ते जनक मानले जातात. त्यांची कारकीर्द ब्रिटिशकालीन भारतीय सैन्यात सुरू झाली. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक झाले. निवृत्तीनंतर ते एअर लीगचे सरचिटणीस झाले.

युद्धाचे सावट होते आणि प्रशिक्षित वैमानिक अपुरे होते. म्हणून त्यांनी १९३८ मध्ये एअर डिफेन्स कॅडेट कोअर स्थापन केली. तिच्या तुकड्या सरकारी निधीतून नव्हे, तर गावोगावच्या नागरिकांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या. युद्ध पेटताच अनेक प्रशिक्षकांनाच सैन्यात जावे लागले, तरी कॅडेट हवाई तळांवर निरोप पोहोचवत, वाळूची पोती भरत, विमाने ढकलत राहिले. अखेर ५ फेब्रुवारी १९४१ रोजी सरकारने या संघटनेच्या जागी एअर ट्रेनिंग कोअर स्थापन केली आणि चेमियर तिचे कमांडंट झाले.