डॉक्टर आनंदीबाई जोशी

भगिनींनो, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. त्याचे शास्त्र शिकण्यासाठी जिने आयुष्य वेचले, त्या बाईचे चरित्र थोडक्यात देत आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाईंचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने पुष्कळ मोठे, टपालखात्यात नोकरीला. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्यापायी ते कठोरही वागत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. त्या काळी डॉक्टर पुरुषच. बाया लाजेने दुखणे सांगत नसत, आणि न सांगताच कितीतरी जणी जात. बायकांना बाईच डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंच्या मनाने घेतले.

१८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, पती बरोबर नसताना त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. तेथे कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. थंडी सोसवेना, प्रकृती ढासळली, तरी त्यांनी साडी व शाकाहार सोडला नाही. हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पदवीदान पाहायला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना मिळाली. पण क्षयाने गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरे नव्हते. कोल्हापूरच्या खाटा त्यांची वाट पाहत राहिल्या.

२०१६ साली आपल्या गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय त्यास जोडले गेले. ज्या विद्येसाठी आनंदीबाईंना सातासमुद्रापार जावे लागले, ती आता आपल्या गावात मुली शिकतात. तरीही रोवणीच्या दिवसांत पोटुशी बाई दुखणे अंगावर काढते. पाय सुजले, डोके दुखले, तरी बोलत नाही. सासवांनो, जावांनो, तिला आपणच विचारावे आणि वेळेवर दवाखान्यात न्यावे. आनंदीबाईंचे स्मरण त्याहून वेगळे ते काय करावयाचे?