कादंबरीकार नाथमाधव

वाचनालयातून ‘वीरधवल’ घरी नेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांस तिच्या कर्त्याचे खरे नाव ठाऊक असेल, ह्याची आम्हांस शंकाच आहे. द्वारकानाथ माधवराव पितळे हे ते नाव. स्वतःच्या नावातील ‘नाथ’ व वडिलांच्या नावातील ‘माधव’ एवढेच त्यांनी ठेविले आणि आडनाव सोडून दिले.

त्यांचा जन्म मुंबईस ३ एप्रिल १८८२ रोजी झाला. शिक्षण आटोपल्यावर ते कुलाब्यास तोफांच्या कारखान्यात नोकरीस लागले. (जिते व पेण येथील बालवाचकांनी हा कुलाबा मुंबईतील समजावा. आपल्या रायगड जिल्ह्यासही १९८१ पर्यंत कुलाबाच म्हणत, म्हणून घोटाळा होण्याचा संभव आहे.)

शिकारीचा त्यांस मोठा नाद. १९०५ साली सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून कोसळले. प्राण वाचले, परंतु कमरेखालील शरीर कायमचे लुळे झाले. वय अवघे २३! रानोमाळ भटकणाऱ्या त्या तरुणास आता बिछान्यावरून उठणेही परस्वाधीन झाले. अशा आघाताने भलेभले कडवट होतात. नाथमाधवांनी पुस्तके जवळ केली, पुष्कळ वाचिले आणि मग लेखणी उचलली. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ व पुढील वर्षी ‘सावळ्या तांडेल’ ह्या कादंबऱ्या बाहेर पडल्या.

‘वीरधवल’ १९१३ सालची. तोवर हरि नारायण आपटे यांनी घरोघरची सुखदुःखे कादंबरीत आणिली होती, आणि ‘मुक्तामाले’सारख्या जुन्या अद्भुत कथा मागे पडल्या होत्या. तरीही साहस व कारस्थान यांनी भरलेली ही अद्भुतरम्य कथा वाचकांनी डोक्यावर घेतली. कित्येक पालकांस असले वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. तीत योगायोगांची रेलचेल आहे, हे आम्हीही नाकारीत नाही. परंतु ज्यास स्वतः एक पाऊल टाकिता येत नव्हते, त्याने सहस्रावधी वाचकांस आपल्यामागे धावावयास लाविले, ही गोष्ट आम्हांस त्या कथेतील कोणत्याही चमत्काराहून अद्भुत वाटते.

पुढे त्यांनी ‘डॉक्टर’ ही सामाजिक कादंबरी तीन भागांत लिहिली. १९२१ साली ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ काढून शिवकालावरील कादंबऱ्यांची मालाच आरंभिली. सिंहगडाने ज्यांचे पाय हिरावून घेतले, त्यांनीच गडकोटांचा तो काळ घरोघर पोहोचविला.

२१ जून १९२८ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या साऱ्या कादंबऱ्या त्या अपघातानंतरच्या २३ वर्षांतील आहेत.