मायकेल फॅरेडे
मायकेल फॅरेडे (२२ सप्टेंबर १७९१ – २५ ऑगस्ट १८६७) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ज्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालते, त्याचा शोध त्यांनी लावला.

त्यांचे वडील लोहार होते. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. चौदाव्या वर्षी ते लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून शिकले. हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे त्यांनी स्वतः बांधून डेव्हींनाच पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी केलेल्या प्रयोगात मऊ लोखंडाच्या कड्यावर समोरासमोर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी होती. एक वेटोळे विद्युतघटांना जोडताच दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. जोडणी तोडताच ती परत हलली. प्रवाह अखंड चालू असताना मात्र सूची स्वस्थ राहिली. चुंबकत्व बदलत असते तोवरच दुसऱ्या वेटोळ्यात विद्युत निर्माण होते, ही यातली खरी मेख. म्हणूनच रोहित्राला प्रत्यावर्ती धारा लागते. ऊर्जेची हानी मुळीच होत नाही असे मानलेल्या आदर्श रोहित्रात विद्युतदाब वेढ्यांच्या प्रमाणात असतो. १०० वेढ्यांना २३० व्होल्ट दिल्यास १० वेढ्यांवर २३ व्होल्ट मिळतात. धारा मात्र दसपट होते.

गणितात गती नसल्याने फॅरेडे यांनी सूत्रे मांडली नाहीत. त्यांच्या बलरेषांना गणिती रूप मॅक्सवेल यांनी दिले. व्यवहारोपयोगी बंद गाभ्याची रोहित्रे बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात १८८५ च्या सुमारास तयार झाली, तेव्हा फॅरेडे हयात नव्हते.