संगीताची शाळा काढणारे विष्णुबुवा

आपल्याकडे सप्ताहात भजन असतं तेव्हा पेटी कोण वाजवतो, पखवाज कोण वाजवतो, हे आपण पुढे बसून बघतो. पण गाणं शिकायला वर्गात बसायचं, पुस्तक उघडायचं, परीक्षा द्यायची, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी फार थोड्या लोकांना ठाऊक होती. ती ज्यांनी देशभर नेली, ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

त्यांचा जन्म कुरुंदवाडला १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. विष्णू लहान असताना एक फटाका त्याच्या तोंडाजवळ उडाला आणि डोळे अधू झाले. (दिवाळीत आई ओरडते ते उगाच नाही, बरं का!) वाचन-लिखाण अवघड झालं, म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. तिथे त्याने आठ-नऊ वर्षे मेहनत केली.

मिरजेतली एक हकिकत सांगतात. गावात एका समारंभाचं बोलावणं विष्णुबुवांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. गवई म्हणजे पदरी ठेवलेला माणूस, त्याला मान कसला, असा तेव्हाचा समज! ही गोष्ट त्यांना लागली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्राकडे गेल्यावर त्यांनी तिकीट लावून गाण्याचे जलसे केले. गाणं राजवाड्यातच ऐकायचं, ही रीत त्यांनी मोडली.

फिरत फिरत ते लाहोरला पोचले. हे शहर आता पाकिस्तानात आहे. तिथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संगीताच्या शाळा त्याआधीही निघाल्या होत्या, बडोद्याला तर महाराजांनीच काढली होती. पण विष्णुबुवांची शाळा कुणा राजाच्या पैशावर नव्हती, लोकांच्या मदतीवर होती. सुरुवातीला म्हणे विद्यार्थीच येईनात. बुवा एकटेच तंबोरा घेऊन वेळेवर वर्गात बसायचे. हळूहळू मुलं आली, मुलींचेही वर्ग निघाले.

पूर्वी गुरूच्या घरची कामं करावी, मग त्यांची मर्जी असेल तेव्हा दोन ताना मिळाव्या, असं चालायचं. इथे वेळापत्रक होतं. बुवांनी स्वर लिहिण्याची पद्धत बसवली, पुस्तकं लिहिली आणि ती छापायला छापखानाही घातला. गरीब मुलांना ठेवून घेऊन, जेवू घालून नऊ वर्षे शिकवायचं आणि मग त्यांनी गावोगाव जाऊन इतरांना शिकवायचं, अशी त्यांची योजना होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे मोठे गायक त्यांचेच शिष्य. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गायलाही बुवा जात.

१९०८ साली ते मुंबईला आले. तिथे विद्यालयाची मोठी इमारत बांधली, पण कर्ज फिटेना. बुवा जलसे करून पैसे आणत आणि ते व्याजातच जात. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. एवढ्या मोठ्या गवयाने नुसते जलसे केले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं, असं मला वाटतं. पुढे ते नाशिकला रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांचं निधन झालं.

त्यांची बरीच मुलं लहानपणीच गेली होती. एकटा दत्तात्रेय राहिला, तोही तेव्हा दहा वर्षांचा. त्याला मग बुवांच्या शिष्यांनीच शिकवलं आणि तो डी. व्ही. पलुस्कर म्हणून फार मोठा गायक झाला.

शिष्यांनी त्याच वर्षी मंडळ काढलं, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. त्यांच्या संगीताच्या परीक्षा आजही होतात. आणि या मंडळाची एक इमारत आपल्या जासईहून काही फार लांब नाही, वाशीला आहे.